ड्रम भारतीय, आतला माल कुठला?

गोळ्या-कॅप्सूल बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत मी खरेदी पाहतो. औषधाचा मूळ घटक, म्हणजे एपीआय किंवा जुन्या सवयीने बल्क ड्रग, आम्ही स्वतः बनवत नाही. विकत आणतो आणि त्याच्या गोळ्या पाडतो. भारत जेवढे बल्क ड्रग आणि त्यांचा कच्चा माल आयात करतो, त्यातला सुमारे दोन-तृतीयांश चीनमधून येतो, हे २०२० मध्ये एकाएकी सगळ्यांच्या तोंडी झालं. आमच्या खात्यात ती कुणाला बातमी वाटली नाही. आम्ही रोज त्याच दोन-तृतीयांशावर सह्या करत होतो.

चीनकडून घ्यायचं असं कुणी एका मीटिंगमध्ये ठरवलेलं नव्हतं. दर कमी होते, हे तर झालंच. पण दरापलीकडेही बरंच काही होतं. नमुना मागितला की कुरिअरने लगेच हजर. नव्वद दिवसांची उधारी. रात्री दहाला वीचॅटवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सव्वादहाला. आपल्याकडच्या काही उत्पादकांना तीन स्मरणपत्रं पाठवून साधा सीओए, म्हणजे मालाच्या तपासणीचा दाखला, मिळवताना जो घाम निघायचा, तो तिकडे निघत नसे. खरेदीवाल्या माणसाला हा आराम फार आवडतो आणि त्याची सवय लागते.

त्यांच्या नववर्षाची सुट्टी आमच्या कॅलेंडरमध्ये दिवाळीइतकीच पक्की असे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जादा माल उचलायचा आणि तिकडचे कारखाने उघडेपर्यंत तो पुरवायचा. २०२० मध्ये हे नववर्ष २५ जानेवारीला होतं आणि वुहान बंद झालं २३ जानेवारीला, त्यामुळे आमचं गोदाम नेमकं भरलेलं होतं. दूरदृष्टी वगैरे काही नाही, नेहमीचा शिरस्ता. पहिले काही आठवडे आम्ही त्यावरच काढले.

टीव्हीवर वुहानचा हुबेई प्रांत दिसत होता, पण आमचे बहुतेक पुरवठादार शेडोंग, झेजियांग आणि हेबेईतले. वाढवलेली सुट्टी संपल्यावर त्यांचे कारखाने सुरू करायला सरकारची हरकत नव्हती. अडचण अशी की गावी गेलेले कामगार परतले नव्हते आणि परतलेल्यांना कोंडून ठेवलं होतं. ट्रक एका प्रांतातून दुसऱ्यात जाऊ शकत नव्हते. माल तयार असूनही बंदरापर्यंत पोहोचत नव्हता. इकडे व्यापाऱ्यांनी ते बरोबर हेरलं. किलोला अडीचशे-तीनशे रुपयांचं पॅरासिटामॉल बघता बघता चारशेच्या वर गेलं, आणि सकाळी दिलेला भाव दुपारी ‘साहेब, तो सकाळचा होता’ म्हणून मागे घेतला जाऊ लागला.

३ मार्चला केंद्र सरकारने बल्क ड्रग आणि त्यांची औषधं मिळून २६ गोष्टींच्या निर्यातीवर बंधन घातलं. पॅरासिटामॉल, मेट्रोनिडॅझोल, बी-१, बी-६, बी-१२ ही जीवनसत्त्वं, असं बरंच. जगाला गोळ्या पुरवणारा देश म्हणून मिरवणाऱ्या आपल्याला दार लावून घ्यावं लागलं, कारण पुढचा माल कधी येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ६ एप्रिलला त्यातल्या २४ वरचं बंधन उठलं. पॅरासिटामॉल मात्र राहिलं.

पण त्या वर्षीची एक गोष्ट पुढे सगळे सोयीस्कर विसरले. मार्च संपता संपता चीनमधले आमचे पुरवठादार पुन्हा पाठवायला तयार होते. ‘माल कधी उचलता?’ असे मेसेज येत होते. तेव्हा बंद होतो आपण. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि बंदरात उतरलेले ड्रम आणायला ना ट्रक होता, ना ड्रायव्हर, ना त्याला रस्त्यात जेवण देणारा ढाबा. औषधं अत्यावश्यक सेवेत होती, पण औषधाच्या बाटलीचं झाकण आणि खोका अत्यावश्यक आहे हे नाक्यावरच्या हवालदाराला पटवून द्यावं लागायचं. आमच्याकडे एपीआय पडून होतं आणि अॅल्युमिनियम फॉइल नव्हतं, असेही दिवस आले. सगळं एका ठिकाणी एकवटलं की ते ठिकाण शेडोंग असो वा आपल्याच एखाद्या औद्योगिक वसाहतीचा पट्टा, जीव टांगणीला लागतोच. मी हे मीटिंगमध्ये बोललो तेव्हा विषयांतर होतंय असं मला सांगण्यात आलं.

मग जूनमध्ये गलवान घडलं. त्यानंतर देशभरातल्या बंदरांवर चीनहून आलेला माल सरसकट उघडून तपासायला सुरुवात झाली आणि आमचीही एक खेप अडकली. आमच्या क्लिअरिंग एजंटकडे सांगायला काहीच नव्हतं, कारण त्याच्याही हातात लेखी काही नव्हतं. डिटेन्शनचा, म्हणजे कंटेनर अडकून राहिल्याच्या भुर्दंडाचा, मीटर मात्र पडत होता. तोवर आमच्याकडे ‘चीनला पर्याय’ हा विषय चहाच्या वेळचा होता. आता एमडी साहेबांनी लेखी सूचना काढली: प्रत्येक मॉलिक्यूलला, म्हणजे प्रत्येक औषधी घटकाला, किमान एक बिगर-चिनी पुरवठादार.

मी एक्सेल उघडलं. आधी दोनच रकाने केले, चिनी आणि भारतीय. मला वाटलं होतं त्यापेक्षा भारतीय रकाना भरगच्च निघाला. पॅरासिटामॉल भारतीय, मेट्रोनिडॅझोल भारतीय, अमॉक्सिसिलिनसुद्धा भारतीय कारखान्याचं. वरच्या मजल्यावर समाधान पसरलं. क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता खात्याच्या, मॅडम तेवढ्या शांत होत्या. त्या दर वर्षी पुरवठादारांच्या ऑडिटला जात. त्यांनी एवढंच विचारलं, “यांचं केएसएम कुठून येतं, तो रकाना कुठाय?”

केएसएम म्हणजे ज्या रसायनापासून एपीआय बनवायला सुरुवात होते ते. पॅरासिटामॉल पॅरा-अमिनोफेनॉलपासून बनतं. पॅरा-अमिनोफेनॉल बनवायला नायट्रोबेंझिन किंवा पॅरा-नायट्रोक्लोरोबेंझिन लागतं. ही शेवटची रसायनं आपल्याकडे बनतात, पॅरासिटामॉलही बनतं. मधली पायरी, पॅरा-अमिनोफेनॉल, ती मात्र बव्हंशी चीनमधून येत होती. म्हणजे शिडीच्या खालच्या आणि वरच्या पायऱ्या आपल्या घरात आणि मधली परक्याच्या अंगणात.

मी तिसरा रकाना घातला आणि पुरवठादारांना फोन लावायला सुरुवात केली. इथे खरी मजा होती. केएसएमचा स्रोत कुणी सहजासहजी सांगत नाही. ते धंद्याचं गुपित. मस्जिद बंदरच्या एका जुन्या ट्रेडरशी झालेलं बोलणं अजून लक्षात आहे.

“शेठ, माल कुणाचा?”

“इंडियन आहे साहेब, शंभर टक्के.”

“आणि त्याच्या आधीचा?”

“आधीचं कशाला विचारता? तुम्हाला गोळी पाडायचीय ना?”

फॉर्म भरून मागितले तर त्यात ‘अनेक मान्यताप्राप्त स्रोत’ असं लिहून यायचं. शेवटी मॅडमच्या ऑडिटचाच आधार घेतला. मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. त्या लॅबमध्ये आणि कागदपत्रांत शिरायच्या, मी गोदामात फिरायचो. रॅकवर निळे ड्रम, त्यावर कंपनीचं नाव आणि पत्ता. नावं वाचता येत नसली तरी पत्त्यातला प्रांत इंग्रजीत असे. संध्याकाळी गाडीत बसून मी तिसरा रकाना भरायचो. तो जसजसा भरला, तसतशी दुसऱ्या रकान्याची शान उतरत गेली. आमच्या यादीतल्या ज्या मालाला आम्ही बिलं बघून भारतीय म्हणत होतो, त्यातला मोठा भाग एक पायरी खाली उतरलं की पुन्हा शेडोंग-हेबेईलाच पोहोचत होता.

आता जर मी चिनी एपीआय सोडून भारतीय उत्पादकाकडे गेलो, आणि तो चिनी केएसएम वापरत असेल, तर पुढच्या साथीत माझी काय सुटका होणार? फक्त आता मला भाव वाढल्याची बातमी उशिरा कळणार, आणि मध्ये एकाचा नफा वाढलेला असणार. हे मी साहेबांना जवळपास याच शब्दांत सांगितलं. त्यांनी विचारलं, “मग सूचना मागे घेऊ?” मी म्हटलं, “नको, पण ‘बिगर-चिनी’ म्हणजे कुठल्या पायरीपर्यंत, ते लिहा.” तो खुलासा आजतागायत निघालेला नाही, आणि मला त्याचं कारणही कळतं. प्रामाणिकपणे लिहिला तर यादीत फार थोडी नावं उरतील.

सगळ्यात अवघड निघालं अमॉक्सिसिलिन. ते सिक्स-एपीएपासून बनतं, आणि सिक्स-एपीए पेनिसिलिन-जीपासून. पेनिसिलिन-जी रिअॅक्टरमध्ये दोन रसायनं मिसळून होत नाही. बुरशी वाढवावी लागते. प्रचंड टाक्या, सतत निर्जंतुक हवा, साखर, आणि दिवसरात्र अखंड वीज. एकदा वीज गेली किंवा बाहेरचा जंतू शिरला की अख्खी टाकी ओतून द्यायची. आपले केमिस्ट सिंथेसिसमध्ये कुणाला हार जाणार नाहीत, पण या उद्योगात खेळ टाकीच्या आकाराचा आणि विजेच्या बिलाचा आहे, आणि तो चीनने सरकारी पाठबळावर अवाढव्य क्षमता उभारून जिंकला.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे की आपण कधीच खेळलो नव्हतो असं नाही. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन बनू लागलं. पुढे खासगी कारखानेही आले. मग स्वस्त चिनी माल येऊ लागला आणि २००० नंतरच्या काळात आपले फर्मेंटेशनचे, म्हणजे अशी बुरशी वाढवणारे, कारखाने एकेक करून थंडावले. तेव्हा खरेदीत असलेल्या माझ्या वरिष्ठांनी स्वस्त माल घेतला म्हणून शाबासकी मिळवली होती. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तोच घेतला असता. त्या दिवशीचा हिशेब बरोबरच होता. त्यात एखादा कारखाना बंद पडल्याची किंमत धरायला रकाना नव्हता, आणि आजही नाही.

पर्याय सापडला तरी पुरवठादार बदलणं म्हणजे दुसऱ्याला परचेस ऑर्डर देणं नव्हे. बाहेरच्या माणसांना हे पटत नाही. रेणू तोच असतो, मग अडतं कुठे? अडतं अशुद्धींवर. बनवायची पद्धत वेगळी, की मागे उरणाऱ्या अशुद्धी वेगळ्या. २०१८ मध्ये रक्तदाबाच्या व्हॅल्सार्टनमध्ये एनडीएमए हे कर्करोगाचा धोका असलेलं रसायन सापडलं आणि जगभरातून गोळ्या परत मागवाव्या लागल्या. मूळ कारण होतं उत्पादन पद्धतीत केलेला बदल. तेव्हापासून क्यूएवाले नव्या स्रोताकडे संशयानेच बघतात, आणि ते योग्यच आहे.

त्यामुळे क्रम ठरलेला. नमुने, त्यांची फार्माकोपियाप्रमाणे तपासणी, अशुद्धींचा आलेख, मग ट्रायल बॅच. पहिल्या भारतीय स्रोताचा एक माल कागदावर सगळ्या कसोट्यांना उतरला आणि मशीनवर गोळीच्या टोप्या उडू लागल्या. याला आम्ही कॅपिंग म्हणतो. कण थोडे बारीक होते, एवढंच. उत्पादनवाल्यांनी मला बोलावून टोप्यांनी भरलेला ट्रे दाखवला आणि म्हणाले, “हे घ्या तुमचं आत्मनिर्भर.” दोष त्या उत्पादकाचा नव्हता, आमचा फॉर्म्युला वर्षानुवर्षं चिनी कणांच्या मापाने बसवलेला होता. अवलंबित्व इतकं आत, गोळीच्या पोटापर्यंत गेलेलं असतं. आर अँड डीने बाइंडर, म्हणजे गोळी धरून ठेवणारा घटक, बदलला, मग पुन्हा ट्रायल. त्यानंतर तीन व्हॅलिडेशन बॅचेस, आणि त्या ४० अंश सेल्सियस आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात सहा महिने, माल टिकतो का ते बघायला. ही स्टॅबिलिटी. या सहा महिन्यांना जगात कुठलाही शॉर्टकट नाही. निर्यातीचा माल असेल तर प्रत्येक देशाच्या नियामकाकडे बदलाचा अर्ज, आणि तो मंजूर होईपर्यंत जुन्याच स्रोताचा माल. एकेका मॉलिक्यूलला वर्षाच्या वर लागलं. तेवढ्या काळात घोषणा करणाऱ्यांचा उत्साह ओसरलेला असतो.

आणि भाव. भारतीय माल महाग पडत होता. काही ठिकाणी थोडा, काही ठिकाणी डोळे पांढरे होतील इतका. तो फरक कुणी द्यायचा? आवश्यक औषधांच्या यादीतल्या गोळीची कमाल किंमत एनपीपीए, म्हणजे औषधांच्या किमतींचं सरकारी प्राधिकरण, ठरवतं. कच्चा माल महागला म्हणून ती आम्हाला वाढवता येत नाही. अपवाद आहेत, पण ते गळ्याशी आल्यावर होतात. २०२० च्या मध्यावर रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची कमाल किंमत ५० टक्के वाढवून दिली, कारण त्याचा चीनहून येणारा कच्चा माल भलताच महागला होता. ती मुभा सगळ्यांना मिळत नाही. उरली सरकारी टेंडरं. तिथे एल-वन, म्हणजे सर्वांत कमी बोली, तीच जिंकते. एका बैठकीत आमच्या अकाउंट्सच्या साहेबांनी टेंडरचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, “देशी मालाचा जादा खर्च यातल्या कुठल्या रकान्यात भरू?” चिडून नव्हे, खरोखर विचारलं. सरकारचा एक हात चिनी माल कमी घ्या म्हणतो आणि दुसरा हात सगळ्यात स्वस्त गोळी द्या म्हणतो. आमच्यासारख्या मध्यम कंपनीला या दोन हातांच्या मध्ये उभं राहावं लागतं.

सरकारने काही केलंच नाही असंही म्हणता येणार नाही. मार्च २०२० मध्येच बल्क ड्रगसाठी ६,९४० कोटी रुपयांची उत्पादन-आधारित प्रोत्साहन योजना मंजूर झाली. ४१ उत्पादनं निवडली गेली आणि त्यात नेमकी आमच्या तिसऱ्या रकान्यातली नावं होती, पेनिसिलिन-जी, अमॉक्सिसिलिनच्या जोडीला लागणारं क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड, पॅरा-अमिनोफेनॉल. फर्मेंटेशनच्या उत्पादनांना पहिली चार वर्षं विक्रीवर २० टक्के प्रोत्साहन, रासायनिक उत्पादनांना १० टक्के. ज्याने ती यादी केली त्याला शिडीची मधली पायरी माहीत होती, एवढं मी नक्की म्हणेन. शिवाय बल्क ड्रग पार्कसाठी ३,००० कोटी.

योजना आणि टाकीतली बुरशी यांत मात्र चार वर्षं गेली. २०२४ मध्ये काकीनाड्याजवळ ऑरोबिंदो समूहाचा वर्षाला १५,००० टन क्षमतेचा पेनिसिलिन-जी कारखाना सुरू झाला, आणि हिमाचलात नालागढला क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडचा. मधल्या काळात काय काय झालं! २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात आडवं पडलं, कंटेनरची भाडी आकाशाला भिडली, त्या शरद ऋतूत चीनमध्ये वीजटंचाईने कारखाने बंद राहिले, २०२२ मध्ये शांघाय दोन महिने कोंडून घातलं गेलं. दर वेळी आमच्याकडे जुनी सूचना फाइलमधून बाहेर यायची आणि भाव खाली आले की परत फाइलमध्ये जायची.

देशाचा ताळेबंदही काही वेगळा नाही. २०१९-२० मध्ये आपण चीनकडून सुमारे ६५ अब्ज डॉलर्सचा माल आणला. २०२४-२५ मध्ये ११३ अब्ज डॉलर्सचा, आणि व्यापारतूट ९९ अब्जांवर गेली. फेरविचार करून करून आपण जास्तच आणायला लागलो. यात सगळं वाईट नाही. इथे मोबाइल, सौर पॅनेलं जोडली जाऊ लागली की त्यांचे सुटे भाग तिकडूनच येणार. आमच्या बाबतीत जे भारतीय पॅरासिटामॉलचं झालं तेच तिथे, एवढंच.

देशात पेनिसिलिन-जी बनू लागलं तसं आमच्याकडे येणारे चिनी सिक्स-एपीएचे भाव घसरू लागले. स्पर्धक उभा राहिला की भाव पाडायचा, ही जुनी चाल आहे. २००० च्या काळात तीच लागू पडली होती. स्वस्त भाव मिळतोय याचा खरेदीवाल्याला आनंद व्हायला हवा. मला तो आता पूर्वीसारखा होत नाही, कारण तो भाव कशासाठी आहे ते समजतं. पण नाकारायचा तर शेजारची कंपनी तोच घेऊन टेंडर जिंकणार.

म्हणून मी आता बहिष्काराच्या भाषेत बोलत नाही आणि ‘आहे ते बरं आहे’ असंही म्हणत नाही. कुठल्या मॉलिक्यूलला चीनबाहेरचा दुसरा स्रोत तपासून, स्टॅबिलिटी पूर्ण करून, तयार ठेवायचा आणि त्याच्याकडून दर वर्षी थोडा तरी माल घेत राहायचं, हे मी औषधागणिक मांडतो. नुसतं नाव मंजूर करून ठेवलेला आणि कधीच ऑर्डर न दिलेला पुरवठादार वेळ आली की फोनही उचलत नाही. त्याने तरी का उचलावा? अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट मिळालं नाही तर न्यूमोनियाचं मूल खोळंबतं. बी-कॉम्प्लेक्सची गोळी दोन महिने मिळाली नाही तर फारसं बिघडत नाही. जादा पैसा कुठे घालायचा हे त्यावरून ठरावं, एवढंच माझं म्हणणं.

या वर्षीच्या खरेदीच्या आराखड्यात मी अमॉक्सिसिलिनच्या मालाचा एक हिस्सा थेट पेनिसिलिन-जीपर्यंत भारतीय असलेल्या स्रोताला दिला, आणि दोन जीवनसत्त्वांसाठीही तसाच प्रस्ताव ठेवला. साहेबांनी फरकाची रक्कम बघितली, पेन काढलं, अमॉक्सिसिलिनवर सही केली आणि जीवनसत्त्वांवर काट मारली. अकाउंट्सने अमॉक्सिसिलिनचा जादा खर्च सध्या ‘इतर’मध्ये टाकला आहे.